पगार स्लिपची शेवटची ओळ आणि आपलं चौथं शील

एका आदेशातल्या आकड्यापासून सुरुवात करते. आकडा आहे २०,२०० रुपये. सात वर्षांच्या एका मुलाच्या बापाचं हे मासिक उत्पन्न आहे असं न्यायालयाने धरलं आणि त्यावरून मुलाला दरमहा ३,००० व त्याच्या आईला २,००० रुपये पोटगी ठरवली. बाप निमसरकारी नोकरीत आहे. कायम नोकरी, आरक्षणातून मिळालेली. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत तो पुढे असतो आणि वस्तीतल्या वर्गणीच्या यादीत त्याचं नाव वरच असतं. आई एका खासगी शाळेत सेविका आहे, महिना सात हजारांवर. ती आदेशाची नक्कल घेऊन माझ्याकडे आली आणि एवढंच म्हणाली, "ताई, साहेबांनी दिलं ते दिलं. पण त्याचा पगार वीस हजार नाही हो."

आम्ही प्रकरणाची फाइल उघडली. बापाने स्वतःच पगार स्लिप जोडलेली होती. म्हणजे लपवलेलं काही नव्हतं, सगळं कागदावर होतं. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ४८,००० रुपये. घरभाडे आणि इतर भत्ते ८,०००. एकूण ५६,०००. मग कपाती. निवृत्तिवेतन योजनेचे ४,८०० आणि व्यवसाय कराचे २००. या दोन कपाती सक्तीच्या. त्यांच्या खाली पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता १६,५००, विम्याचा हप्ता ४,३०० आणि आवर्ती ठेव १०,०००. शेवटच्या ओळीत 'निव्वळ देय' २०,२००. आदेशात हीच शेवटची ओळ उचलली गेली. वरच्या ओळी कुणी वाचल्याच नाहीत. अर्जदार बाईच्या वकिलाने त्यावर बोट ठेवलं नाही आणि न्यायालयाने स्वतःहून विचारलं नाही.

आवर्ती ठेव म्हणजे खर्च नव्हे. तो स्वतःच्याच खिशात उद्यासाठी ठेवलेला पैसा आहे. पतसंस्थेचं कर्ज त्याने पोटगीचा अर्ज दाखल झाल्यावर दोन महिन्यांनी काढलं होतं. सक्तीच्या कपाती वजा केल्या तर त्याचं खरं उत्पन्न ५१,००० रुपये होतं.

आता या फरकाची किंमत मोजू. दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये अनुरिता व्होरा प्रकरणात एक सोपी रीत सांगितली होती. कुटुंबाचं उत्पन्न म्हणजे एक केक समजा, कमावत्या जोडीदाराला दोन वाटे आणि बाकी प्रत्येकाला एक वाटा. ही रीत कायद्यात लिहिलेली नाही आणि आपल्याकडच्या न्यायालयांवर ती बंधनकारक नाही. आई थोडं कमावते म्हणून आकडा इकडेतिकडे होईल. तरी अंदाजासाठी ती वापरू. बापाचे दोन, आईचा एक, मुलाचा एक, असे चार वाटे. २०,२०० मधला मुलाचा वाटा ५,०५० होतो. ५१,००० मधला १२,७५०. फरक दरमहा ७,७०० रुपये, वर्षाला ९२,४००. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत अकरा वर्षं आहेत. ९२,४०० गुणिले ११ म्हणजे १०,१६,४००. पगारवाढ धरलेली नाही. एका पगार स्लिपची चुकीची ओळ वाचली गेली म्हणून एका बौद्ध मुलाच्या शिक्षणातून दहा लाखांवर रक्कम जाणार होती. आणि आपण 'शिका' हा शब्द दर भाषणात पहिला म्हणतो.

शोध घेणार कोण?

आपल्या लोकांचा एक समज आहे की, न्यायालय नवऱ्याच्या उत्पन्नाची चौकशी करतं. प्रत्यक्षात तसं होत नाही. न्यायालय समोर आलेले कागद बघतं. ज्या देशांत ही चौकशी सरकार करतं तिथेही चुका होतातच. ब्रिटनमध्ये 'चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस' ही सरकारी यंत्रणा वेगळ्या राहणाऱ्या पालकाचं उत्पन्न थेट कर खात्याकडून घेते. तो आकडा चुकला असं वाटलं तर फेरविचार मागता येतो आणि त्यानंतर न्यायाधिकरणात जाता येतं. तिथे निदान आकडा शोधणं हे सरकारचं काम मानलं आहे. आपल्याकडे ते काम आईच्या डोक्यावर आहे. सात हजारांवर राबणाऱ्या बाईने पन्नास हजार मिळवणाऱ्या माणसाचे हिशेब शोधायचे आणि तेही सुट्टी टाकून, त्या दिवसाची मजुरी बुडवून. ज्याच्याकडे कागद आहेत त्याच्यावर जबाबदारी नाही आणि जिच्याकडे काहीच नाही तिने सिद्ध करायचं, ही रचना कुणाच्या बाजूची आहे हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

ही रचना थोडीफार बदलली ती ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाने. रजनेश विरुद्ध नेहा हे प्रकरण आपल्या नागपूरचं. तिथल्या कौटुंबिक न्यायालयाने पत्नीला १५,००० आणि मुलाला १०,००० रुपये अंतरिम पोटगी दिली होती. नवरा उच्च न्यायालयात हरला आणि सर्वोच्च न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवलाच, शिवाय देशभरासाठी नियम घालून दिले. दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देणी दाखवणारं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायचं. शेती असणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. गैरअर्जदाराने ते जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यायचं. टाळाटाळ केली तर त्याचा बचाव रद्द होऊ शकतो. खोटी माहिती दिली तर फौजदारी कारवाई होऊ शकते. पोटगी आदेशाच्या तारखेपासून नव्हे तर अर्जाच्या तारखेपासून द्यायची.

तरीही किती ठिकाणी हे शपथपत्र न घेताच आकडा ठरतो? २०२३ मध्ये अदिती ऊर्फ मिठी विरुद्ध जितेश शर्मा हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. एका लहान मुलीची पोटगी कौटुंबिक न्यायालयाने २०,००० ठरवली होती. उच्च न्यायालयाने ती पुरेशी कारणं न देता ७,५०० वर आणली. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून प्रकरण परत पाठवलं आणि शपथपत्राचे नियम पाळले जात नाहीत म्हणून ते पुन्हा सगळ्या न्यायालयांना पाठवायला सांगितलं. म्हणजे नियम होऊन तीन वर्षं झाली तरी न्यायालयांनाच आठवण करून द्यावी लागली. मग आपल्या वस्तीतल्या बाईला ते कोण सांगणार?

आकडा कुठे कुठे चुकतो

दहा वर्षांच्या कामात मला पुन्हा पुन्हा दिसलेल्या चुका मांडते. कार्यकर्त्यांनी त्या ओळखायला शिकावं.

पहिली चूक वर सांगितली. हातात पडणारा पगार म्हणजे उत्पन्न, असं धरणं. आयकर, व्यवसाय कर, सक्तीची निवृत्तिवेतन कपात एवढंच वजा व्हायला हवं. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, पतसंस्था, विमा, भिशी या माणसाने स्वतः निवडलेल्या गोष्टी आहेत. मूल ही त्याच्या यादीतली शेवटची बाब असू शकत नाही. अनेक न्यायालयांनी हे वेळोवेळी मान्य केलं आहे, पण कुणी दाखवलंच नाही तर ते आपोआप होत नाही.

दुसरी चूक, जुनी स्लिप. प्रकरण चार वर्षं चालतं आणि आदेश पहिल्या वर्षीच्या पगारावर होतो. मधल्या काळातली वार्षिक वेतनवाढ, महागाई भत्ता, पदोन्नती, थकबाकी कुठेच नसते. सरकारी नोकरीत हे शोधणं सोपं आहे. सातव्या वेतन आयोगाची वेतनश्रेणी जाहीर आहे. पद आणि नेमणुकीचं वर्ष माहीत असेल तर कोणताही पदवीधर मुलगा अर्ध्या तासात आजचा मूळ पगार काढू शकतो.

तिसरी चूक, आयकर विवरणपत्र हाच अंतिम पुरावा मानणं. ज्याचा स्वतःचा धंदा आहे तो विवरणपत्रात काय दाखवतो हे सर्वांना ठाऊक आहे. वर्षाला अडीच लाख दाखवणारा माणूस महिना अठरा हजारांचा गाडीचा हप्ता भरत असेल तर प्रश्न विचारायला हवा. बँकेचं तीन वर्षांचं स्टेटमेंट, फोनवरून आलेले-गेलेले पैसे, वीजबिल, दुकानाचा भाडेकरार ही सगळी साक्ष आहे. गावाकडची जमीन सातबारा आणि आठ-अ वर दिसते आणि हे उतारे ऑनलाइन मिळतात, कुणाची परवानगी लागत नाही.

चौथी चूक आईबाबत होते. 'अर्जदार बी.ए. आहे, कमावू शकते' असं लिहून पोटगी कमी केली जाते. कमावण्याची क्षमता आणि प्रत्यक्ष कमाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने शैलजा विरुद्ध खोब्बन्ना प्रकरणात स्पष्ट केलेलं आहे. आणि मुळात मुलाचा हक्क स्वतंत्र आहे. आई कमावती असली म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही.

पाचवी चूक उलट्या दिशेची आहे आणि तीही मला तितक्याच जोराने मांडायची आहे. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराच्या बाबतीत आदेशात लिहिलं जातं की, धडधाकट आहे, रोज आठशे मिळवत असेल. आठशे गुणिले तीस, चोवीस हजार. महिन्याचे तीसही दिवस काम मिळणारा नाक्यावरचा मजूर मी तरी पाहिलेला नाही. पावसाळ्यात तर आठवड्यातून दोन दिवस मिळालं तरी नशीब. धडधाकट माणसाने कष्ट करून मुलं पोसावीत हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अंजू गर्ग प्रकरणात म्हटलं आहे आणि ते योग्यच आहे. पण कष्टातून किती मिळतं याचा आकडा हवेतून काढता येत नाही. असा चुकीचा आकडा लागला की थकबाकी वाढत जाते, वॉरंट निघतं, माणूस महिनाभर तुरुंगात जातो. त्याने मुलाच्या ताटात एक घासही पडत नाही आणि थकबाकीही तशीच राहते. तुरुंगातल्या त्या रांगेत कोणत्या जातीची माणसं जास्त असतील याचा अंदाज समाजशास्त्राच्या पदवीशिवायही करता येईल. अशा बापाने समन्स चुकवून पळू नये. शपथपत्र द्यावं, रोजगार हमीचं जॉब कार्ड, मुकादमाची हजेरी, बँक पासबुक जोडावं. त्याच्या गैरहजेरीत एकतर्फी आदेश झाला असेल तर सबळ कारण दाखवून तीन महिन्यांच्या आत तो रद्द करून घेण्याचा अर्ज करता येतो.

मला खरा आकडा हवा आहे. तो बाईच्या बाजूने जातो की बुवाच्या, हे नंतर बघू. मुलाला त्याचा वाटा खऱ्या आकड्यातूनच मिळतो.

चूक दुरुस्त कशी करायची

इथे आपले बरेच कार्यकर्ते गोंधळतात, म्हणून क्रमाने सांगते. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुनं कलम १२५ आता कलम १४४ आहे आणि जुनं १२७ आता १४६ आहे.

प्रकरण चालू असेल तर सगळ्यात मोठी संधी तेव्हाच असते. समोरच्याचं शपथपत्र आलं की ते ओळीने वाचायचं आणि प्रत्येक खोट्या ओळीला उत्तर देणारं शपथपत्र द्यायचं. कागद हजर करण्याचा आदेश मागायचा. प्रश्नावली देऊन तिची शपथेवर उत्तरं मागायची. गरज पडली तर त्याच्या कार्यालयातल्या पगार लिपिकाला साक्षीला बोलवायचं. जी गोष्ट एखाद्याच्या खास माहितीतली आहे ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच असतो, असं भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १०९ म्हणतं. स्वतःचा पगार ही त्याच्याच माहितीतली गोष्ट आहे. माहिती अधिकारात अर्ज करून पगार काढू, यावर विसंबून राहू नका. 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार येतो आणि महिने जातात. न्यायालयातूनच आदेश घ्या.

आदेश झाला असेल तर आधी एक प्रश्न विचारा. आदेशाच्या दिवशीच आकडा चुकलेला होता, की नंतर परिस्थिती बदलली? आदेशाच्या दिवशीच चूक असेल, कागद फाइलमध्ये असून वाचला गेला नसेल, तर वरच्या न्यायालयात पुनरीक्षण अर्ज. आदेश न्यायदंडाधिकाऱ्यांचा असेल तर सत्र न्यायालयात, कौटुंबिक न्यायालयाचा अंतिम आदेश असेल तर उच्च न्यायालयात. मुदत ९० दिवसांची. नक्कल मिळायला लागलेला काळ त्यातून वगळला जातो, म्हणून नक्कलेचा अर्ज पहिल्याच आठवड्यात करा आणि त्याची पावती जपून ठेवा. आदेश अंतरिम असेल तर कोणता मार्ग घ्यायचा हे वकिलाशी बोलूनच ठरवा, तिथे मतभेद आहेत. आणि नंतर पगार वाढला, मूल मोठ्या वर्गात गेलं, बापाची नोकरी गेली, तर कलम १४६ खाली त्याच न्यायालयात रक्कम बदलून मागायची.

या दोन मार्गांची अदलाबदल झाली की अर्ज फेटाळला जातो. 'परिस्थिती बदललेली नाही' एवढंच लिहून. आणि पुनरीक्षणाचं न्यायालय सहसा नवे पुरावे घेत नाही, जे फाइलमध्ये आहे तेच बघतं. म्हणून खालच्या न्यायालयातच कागद दाखल झालेला असला पाहिजे. 'वर गेल्यावर बघू' या वाक्याने आपल्या किती बायकांची प्रकरणं मेली आहेत.

शपथपत्र सरळसरळ खोटं निघालं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली न्यायालयाकडे चौकशी मागता येते. घरगुती हिंसाचार कायद्याखालचा आदेश असेल तर सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील आहे. त्या कायद्यात मालकाला किंवा कार्यालयाला थेट पगारातून रक्कम भरायला लावण्याची तरतूदही आहे. थकलेल्या पोटगीची वसुली कलम १४४ खाली मागायची तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. बारा महिने 'देईल, देईल' म्हणत बसू नका.

आणि वकिलाचे पैसे? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ चं कलम १२ वाचा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथला वकील मन लावून काम करेल की नाही ही शंका खरी आहे. म्हणूनच त्या बाईसोबत फाइल वाचता येणारा आपला एक माणूस हवा.

आपल्या चळवळीला हे का टोचतं

आता खरी गोष्ट बोलते. या प्रकरणात मी मदत करते आहे हे कळल्यावर मला तीन फोन आले. तिघेही आपलेच. एक म्हणाले, "ताई, तो आपला माणूस आहे, अडीअडचणीला धावून येतो." दुसरे म्हणाले, "घरातलं भांडण कोर्टात नेऊन समाजाची बदनामी होते." तिसऱ्यांनी तोडजोड सुचवली. विहारात बैठक घेऊ, एक लाख एकरकमी देऊन विषय मिटवू.

पहिल्यांना माझा प्रश्न आहे की, सात वर्षांचं ते मूल कुणाचा माणूस आहे?

दुसऱ्यांना मी आठवण करून देते. आपल्या एखाद्या पीडिताने अट्रॉसिटीची तक्रार केली की गावातले प्रतिष्ठित म्हणतात, कायद्याचा गैरवापर आहे, गावाची बदनामी होते, बसून मिटवू. आपल्याला ही भाषा ऐकून संताप येतो. तीच भाषा आपण आपल्या बाईला ऐकवतो तेव्हा काय होतं? सत्ता ज्याच्या हातात असते त्याला न्याय मागणं म्हणजे बदनामी वाटते. गावात ती सत्ता जातीची असते. आपल्या घरात ती पुरुषाची असते. जात टिकते ती स्त्रीवरच्या नियंत्रणातून, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात मांडलं होतं. त्यांचं नाव घेणाऱ्यांनी निदान हे एक सूत्र तरी घरात आणावं.

तिसऱ्यांना सांगते की, मुलाचा हक्क आईलाही विकता येत नाही. तिने सही केली तरी मूल पोटगी मागू शकतं. बैठकीत बसणाऱ्या पंचांपैकी किती जणांनी त्या माणसाची पगार स्लिप मागितली होती? एकानेही नाही. मग एक लाख हा आकडा आला कुठून?

या कायद्यामागे कुणाचं रक्त आटलं आहे, तेही लक्षात ठेवा. हिंदू कोड बिलात विवाह, घटस्फोट, वारसा, दत्तक यांच्यासोबत निर्वाहाचा हक्कही होता. ते बिल अडवलं गेलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्याचे तुकडे करून वेगवेगळे कायदे झाले. त्यातला हिंदू दत्तक व निर्वाह कायदा २१ डिसेंबर १९५६ चा आहे, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या १५ दिवसांनी आलेला. तो बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम २० प्रमाणे अज्ञान मुलांना पोसणं आईबापांवर बंधनकारक आहे आणि स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीचा हक्क तर सज्ञान झाल्यावरही टिकतो. ज्या हक्कासाठी बाबासाहेबांनी खुर्ची सोडली, त्याच्यातून पळवाट काढण्यासाठी आपला एक सुशिक्षित बांधव पतसंस्थेचं कर्ज काढतो. याला काय म्हणायचं?

आपण दर बुद्ध पौर्णिमेला पंचशील घेतो. चौथं शील खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं आहे. शपथपत्रावर 'वरील मजकूर खरा व बरोबर आहे' असं लिहून सही करणारा बौद्ध माणूस ते शील न्यायालयात मोडतो. दुसरं शील न दिलेलं न घेण्याचं आहे. मुलाच्या वाट्याचे पैसे आवर्ती ठेवीत दडवणं म्हणजे न दिलेलं घेणंच आहे. धम्म माणसामाणसांतल्या व्यवहारात असतो, असं आपण इतरांना शिकवतो. मग पगार स्लिप हाही व्यवहारच आहे.

काय करता येईल

माझं सरकारकडे आणि न्यायव्यवस्थेकडे मागणं आहे की, शपथपत्र आल्याशिवाय मुलाच्या पोटगीचा अंतिम आकडा ठरू नये. नोकरदार असेल तर कार्यालयाकडून आणि धंदेवाला असेल तर आयकर खात्याकडून व बँकेकडून माहिती न्यायालयाने स्वतः मागवावी. ते काम आईवर टाकू नये. आदेशात एकूण उत्पन्न किती, कोणती कपात मान्य केली, कोणती नाकारली, हे ओळीने लिहावं. तसं लिहिलं तर चूक दिसते आणि दिसलेली चूक दुरुस्त करता येते.

पण सरकारची वाट बघत बसायची आपली परंपरा नाही. तुमच्या विहारात अभ्यासवर्ग चालतो. महिन्यातला एक रविवार या कामाला द्या. वाणिज्य शाखेची दोन मुलं, कायदा शिकणारी एक मुलगी आणि एक पगार लिपिक. असा लिपिक आपल्या प्रत्येक वस्तीत आहे. समोर बाई बसेल, फाइल उघडेल आणि तुम्ही तिच्यासोबत स्लिपच्या सगळ्या ओळी वाचाल, वरपासून खालपर्यंत. मजूर बाप आला तर त्याचाही हिशेब मांडाल. याला पैसा लागत नाही, मंच लागत नाही, बॅनर लागत नाही. आणि पुढच्या वेळी वर्गणीची मोठी पावती फाडणाऱ्याचं व्यासपीठावर स्वागत करण्याआधी एकदा विचारा की, मुलाची पोटगी भरली का?

सुरुवातीला सांगितलेल्या प्रकरणात पुनरीक्षण अर्ज मंजूर झाला. सत्र न्यायालयाने पगार स्लिप पूर्ण वाचली, ऐच्छिक कपाती वजा करण्याचं कारण आदेशात दिसत नाही असं म्हटलं आणि प्रकरण नव्याने ठरवायला खाली पाठवलं. खाली अजून तारखा चालू आहेत. तोवर ३,००० चालू आहेत, तेही तीन-तीन महिन्यांनी एकदम. मूल दुसरीत होतं, आता चौथीत गेलं. गेल्या तारखेला आई त्याला सोबत घेऊन आली होती, कारण घरी बघायला कुणी नव्हतं. व्हरांड्यातल्या बाकावर बसून तो वहीत पाढे लिहीत होता. बाप समोरून गेला, मुलाने वर पाहिलं आणि पुन्हा वहीत मान घातली.

त्याचा हिशेब अजून कच्चा आहे. आपला पक्का आहे. तो त्याच्यासाठी वापरूया.

जय भीम.